कौलांच्या वखारीतली नवी कला

चार चित्रकार एके ठिकाणी जमले की चित्रं होतात मोजकीच, पण किस्से इतके होतात की ठेवायला जागा पुरत नाही. चित्रांना ओल लागते, वाळवी लागते, कुणी पाहुणा मागून नेतो आणि परत देत नाही. किश्श्यांचं तसं नाही. ते दरसाल थोडे वाढतात. मी सांगतोय तेही वाढलेलेच असणार, पण किती वाढलेत ते सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, तेव्हा तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही!

गोष्ट एकोणीसशे तीसनंतरची. रत्नागिरीत मांडवीच्या वाटेवर एक कौलांची वखार होती. तिच्या माळ्यावर आम्ही चौघे संध्याकाळी जमत असू. हायस्कुलात ड्रॉईंग शिकवणारे बापूमास्तर, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आबा, मुंबईच्या कलाशाळेत शिकून आलेला येसू आणि मी. मी कचेरीत कारकून. फावल्या वेळात समुद्र काढत असे. समुद्र काढायला सोपा. वर निळा, खाली निळा, मधे एक होडी. होडी जमली नाही तर तिथे ढग करायचा.

रत्नागिरीत मॉडर्न आर्ट आली ती या माळ्यावर. गावाला त्याचा पत्ता नव्हता आणि खरं सांगायचं तर बराच काळ आम्हालाही नव्हता.

०

बापूमास्तरांचा एक सिद्धांत होता: उजेड डावीकडून येतो. घडा काढा, पेरू काढा, नाहीतर हत्ती काढा. उजेड डावीकडून आणि शेडिंग उजव्या अंगाला. या सिद्धांतावर त्यांनी पोरांच्या कित्येक पिढ्या ड्रॉईंगच्या परीक्षांना बसवल्या आणि पास करून आणल्या.

पुढे शाळेला नव्या खोल्या मिळाल्या. ड्रॉईंगच्या वर्गाला मोठाल्या खिडक्या होत्या, पण सगळ्या उजव्या हाताला! पोरं समोरचा घडा बघून सावली डावीकडे काढू लागली. बापू अस्वस्थ झाले. त्यांनी हेडमास्तरांना खिडक्या पलीकडच्या भिंतीत हलवायला सांगितलं. हेडमास्तरांनी ते हसण्यावारी नेलं. मग बापूंनी एका सकाळी वर्गातली सगळी बाकं उलटी फिरवली.

त्याच आठवड्यात इन्स्पेक्टर आले. ते फळ्यापाशी जाऊन उभे राहिले, तर अख्खा वर्ग त्यांच्याकडे पाठ करून बसलेला!

"मास्तर, हे काय? पोरांची फळ्याकडे पाठ?"

"साहेब," बापू म्हणाले, "फळा भूगोलालासुद्धा मिळतो. उजेड ड्रॉईंगलाच लागतो."

इन्स्पेक्टर वही मिटून पुढच्या वर्गाकडे वळले. बाकं मात्र बापू रिटायर होईपर्यंत तशीच राहिली.

०

आता येसू. येसूचे वडील नाना, म्हणजे रत्नागिरीतले जुने गणपती करणारे. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला शाळा म्हणतात. लोक पावसाच्या तोंडावर आपापला पाट नानांच्या शाळेत आणून देत, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर बसलेला गणपती घेऊन जात. मागणी एकच असे, "गेल्या वर्षीसारखा." नानांनी आयुष्यभर गेल्या वर्षीसारखे गणपती केले आणि त्यात त्यांना काहीही कमी वाटलं नाही.

येसू मुंबईहून आला तो डोक्यात निळा रंग घेऊन. सावली काळी नसते, निळी असते, जांभळी असते, असं तो सांगे. बापूंना ते पटत नसे, पण सावली उजवीकडेच असल्याने त्यांनी फार ताणलं नाही.

आल्या वर्षीच नाना तापाने पडले आणि काही गणपती येसूला रंगवावे लागले. त्याने एका गणपतीच्या सोंडेखाली आणि गालाला अगदी हलकी निळी झाक दिली. मी पाहिला होता तो. सुंदर दिसत होता. न्यायला आले मिरजोळ्याचे एक म्हातारे शेतकरी. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, मग येसूकडे पाहिलं, आणि आत नानांना हाक मारली.

"नानानूं, आमचा गणपती आजारी हाय काय?"

येसू म्हणाला, "आजोबा, ती सावली आहे."

"सावली? आमी समोर समई लावताव ना रे बाबा. तितं सावली कशी येल?"

नाना तापातून उठले, अंगावर घोंगडी घेऊन बसले आणि त्यांनी सोंड पुन्हा रंगवली. म्हातारे खूष होऊन गेले. त्यानंतर नानांनी येसूला समोर बसवलं. मी तिथेच होतो.

"येशा, आता मी थकलो. शाळा तू घे आणि ते मुंबईचं पुरे कर."

येसू मान खाली घालून म्हणाला, "नाना, मला माझी चित्रं काढायची आहेत."

"कुणासाठी?"

येसू पाटावरची माती नखाने खरवडत राहिला. मग नानांनी अट घातली. "तुमच्या टोळीतला सोडून, या रत्नागिरीतल्या एका तरी माणसाने तुझं चित्र आपणहून घरात लावलेलं मला दाखव. मग जन्मभर चित्रं काढ, मी ब्र काढणार नाही. नाहीतर पुढल्या पावसाआधी माती आली की मुकाट मळायला बसायचं."

येसूने होय म्हटलं. त्याचा चेहरा मात्र त्या गणपतीपेक्षा निळा पडला होता.

०

तेव्हापासून आमच्या टोळीचा एकच उद्योग. रत्नागिरीत एक भिंत शोधायची!

येसूने ठरवलं, लोकांना ओळखीची वस्तू दाखवावी. रत्नागिरीत माशापेक्षा ओळखीचं काय असणार? त्याने मिरकरवाड्याच्या बंदरावरून एक ताजी सुरमई आणली आणि आबांच्या पडवीत केळीच्या पानावर मांडली. आबांच्या पडवीतला उजेड चांगला होता. बापूही आले, पण ते शाकाहारी, त्यामुळे नाकाला उपरणं लावून दूर अंगणातून मार्गदर्शन करत होते.

येसू सकाळपासून बसला. सुरमईच्या पोटाची चकाकी त्याने अशी काही धरली की आबांचा हातातला विडा तसाच राहिला. दुपारी शेपटीचा भाग तेवढा राहिला होता. "कुणी हात लावू नका," असं बजावून येसू जेवायला घरी गेला.

परत येऊन बघतो तर पान आहे आणि सुरमई नाही!

आबांची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी, शेपूट ठेवलंय हो झाकून. डोकं हवं असलं तर आत्ताच सांगा, उकळी यायचीय."

"वहिनी, अहो माझं चित्र!"

"तुमच्या चित्रापायी मासा नासवू काय? उन्हं बघितलीत?"

येसूने शेपूट मागून घेतलं, चित्र पुरं केलं आणि मग जेवला. दुसऱ्यांदा! चित्र खरोखर उत्तम झालं होतं. ते घेऊन आम्ही ओळखीच्या दोन-चार घरी फिरलो. सगळीकडे बायकांचं म्हणणं एकच पडलं. मासा रोज चुलीवर असतो, तो आणखी भिंतीवर कशाला?

०

मग मी कचेरीतली ओळख काढली. तात्या म्हणून एक वकील होते. नव्या विचारांचे. घरी ग्रामोफोन होता, चहा कपबशीतून घेत. येसूने कातळाचं एक मोठं चित्र काढलं होतं: उन्हात तापलेला तांबडा कातळ आणि त्यावर जांभळी सावली. मी ते तात्यांना दाखवलं. तात्या चक्क म्हणाले, "वा! हे मला द्या. माझ्याकडे याला योग्य जागा आहे."

आम्ही हवेत! येसू धावत घरी गेला आणि नानांना घेऊन आला. आम्ही सगळे तात्यांच्या माजघरात शिरलो. चित्र खरंच भिंतीवर होतं. नानांनी ते लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, मग एका कोपऱ्याला धरून हलकेच वर उचललं. मागे पावसाळ्यात झिरपलेल्या पाण्याचा भलामोठा डाग होता. चित्राच्या बरोबर आकाराचा!

तात्या ओशाळून म्हणाले, "नाना, जागा तर योग्य आहे की नाही?"

नानांनी चित्र होतं तसं सोडलं. "हे चित्र लावलेलं नाही, वकीलसाहेब. हे लिंपण आहे."

येसू दोन दिवस माळ्यावर आला नाही. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगू? चित्राचा आकार डागाला इतका नेमका बसला होता की मनातून कौतुकही वाटलं.

०

आबांचा मार्ग वेगळा. आबा पडदे रंगवत, त्यामुळे त्यांना चित्र वारात मोजायची सवय. येसूचं कुठलंही चित्र बघून ते म्हणत, "नमुना छान आहे. पडदा कधी करतोस?"

आबा कोकणाबाहेर कधी गेले नव्हते. एकदा देशावरच्या एका कंपनीला त्यांनी आश्रमाचा पडदा करून दिला. पर्णकुटी, हरणं, पाण्याचे घडे आणि मागे रांगेने माड! कंपनीचे मालक भडकले. "अहो, ऋषींच्या आश्रमात माड?"

आबा शांतपणे म्हणाले, "ऋषींनी नारळ कुठून आणायचा मग?"  मालकांनी पडदा ठेवून घेतला.

तर अशा आबांनी ठरवलं की येसूचं चित्र एकदम सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर आणायचं. गावात एका कंपनीचा मुक्काम होता. नाटकात एका श्रीमंत सावकाराचा दिवाणखाना होता. आबांनी त्या दिवाणखान्यात मधोमध येसूचं एक चित्र टांगलं. मोठं, झकास, बंदरातल्या गलबतांचं. गाव लोटला होता नाटकाला. पहिल्या अंकापासून चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आबा एवढंच विसरले की तो सावकार म्हणजे नाटकातला दुष्ट माणूस! प्रत्येक अंकात तो त्या चित्राखाली उभा राहून कुणा ना कुणा गरिबाचं वाटोळं करी आणि मिशीला पीळ देऊन हसे. शेवटच्या अंकात तर त्याने त्याच चित्राखाली नायिकेचा हात धरला. बायका पदराआडून बोटं मोडत होत्या.

त्यानंतर एक आंब्याचे व्यापारी ते चित्र घरी न्यायला खरोखर तयार झाले होते. त्यांना नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं, गलबतं आवडली होती. चित्र दारात आलं आणि त्यांच्या बायकोने उंबऱ्यात आडवा हात धरला.

"त्या मेल्याचं चित्र माझ्या घरात नको! माझ्या मुली लग्नाच्या आहेत."

०

असं करता करता वैशाख आला. नानांची माती यायची वेळ जवळ आली.  येसू माळ्यावर यायचा, पाठ करून बसायचा आणि काढत राहायचा.

शेवटचा उपाय म्हणून आम्ही प्रदर्शन भरवलं. रत्नागिरीतलं पहिलं असावं. वखारवाल्या शेठनी खालची अर्धी वखार रिकामी करून दिली. उरलेल्या अर्ध्या भागात कौलं तशीच रचलेली होती, कारण पावसाआधी घरं शाकारायचे दिवस, धंद्याचा हंगाम.

उद्घाटनाला तात्या वकीलच आणले. ते नव्या कलेवर बोलायला उभे राहिले आणि त्याच वेळी जयगडचे एक गृहस्थ बैलगाड्या घेऊन आले. त्यांना कौलं हवी होती. तात्या म्हणत होते, "कलेच्या इतिहासात आज एक नवं पाऊल..." आणि मागून शेठ ओरडत होते, "अरे हळू! फुटतील!"

लोक आले मात्र खूप. वहाणा दाराबाहेर काढून, हात जोडून आत येत. एकेका चित्रापुढे थांबत. आणि सगळे एकच प्रश्न विचारत, "यातलं पास कुठलं झालं?" आमच्या गावाला चित्र माहीत होतं ते परीक्षेपुरतं. बापूंना तर अभिमानच वाटला!

माझ्या समुद्रापुढे एक बाई बराच वेळ उभ्या होत्या. मी आशेने जवळ गेलो. त्या म्हणाल्या, "इथे वारा बरा लागतो."

कौलं घ्यायला येणारा प्रत्येक जण चित्रं बघून जाई आणि चित्रं बघायला येणारा प्रत्येक जण कौलांचा भाव विचारून जाई. चित्र मात्र एकही कुणी घरी न्यायचं नाव काढलं नाही. शेठ बेहद्द खूष. आम्हाला म्हणाले, "दरसाल भरवा हो हे!"

०

त्या प्रदर्शनात येसूचं एक लहानसं तैलचित्र होतं. मागीलदारी बसून सुपात कुळीथ निवडणारी एक बाई. हात, सूप, खांद्यावरचा पदर, सगळं बारकाईने काढलेलं. चेहराही होता, पण डोळ्यांच्या जागी नुसता सपाट रंग. डोळेच काढले नव्हते!

आम्ही येसूला काही विचारलं नाही. मॉडर्न आर्ट आहे, विचारलं तर आपल्याला कळत नाही असं दिसेल, म्हणून प्रत्येक जण मान डोलवत राहिला. लोकांना समजावण्याचं काम बापूंनी आपणहून अंगावर घेतलं. ते छडी लावून सांगत, "नव्या कलेत डोळे चित्रकाराने काढायचे नसतात. बघणाऱ्याने आपल्या मनाने घालायचे असतात."

"मग नाकपण आमच्यावरच सोडायचं होतं की!" कुणीतरी म्हणालं, आणि वखार हसली. येसू कौलांच्या थप्पीला टेकून उभा होता. तो हसला नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, नाना आले. उद्या माती येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी एकेक चित्र पाहत वखारीला फेरी घातली. सुरमई पाहिली, गलबतं पाहिली, माझे समुद्र भराभर पाहिले. मग त्या बाईच्या चित्रापुढे येऊन थांबले.

बापू छडी घेऊन पुढे झाले. "नाना, नव्या कलेत डोळे..."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "येशा," ते म्हणाले, "हिचे डोळे?"

येसूने चित्राची चौकट सरळ केली. मग म्हणाला, "मला आठवत नाहीत, नाना."

तेव्हा कुठे आम्हाला कळलं ती बाई कोण ते. येसूची आई तो अगदी लहान असताना वारली होती, आणि त्या काळी घराघरातून फोटो नसत. बापूंनी छडी हळूच कौलांमागे ठेवली. 

शांतता आबांना सहन होत नसे. ते म्हणाले, "नाना, तुम्हीच घाला हो डोळे. या गावात दुसरा कोण घालणार?"

आबांचं खोटं नव्हतं. नानांच्या शाळेत माती कुणीही मळे, रंग कुणीही देई, पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी नानांशिवाय कुणी करत नसे. सकाळी आंघोळ करून, वहाणा बाहेर काढून, एक शब्द न बोलता ते आखणीला बसत. रेष एकदाच ओढत. पुसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

येसूने माळ्यावरून रंग आणले आणि बारीक ब्रश बुडवून त्यांच्या हातात दिला. नानांनी आपल्या सवयीने वहाणा काढल्या. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि ब्रश चित्रापाशी नेला.

ते तसेच उभे राहिले. बाहेर कुणीतरी गाडीत कौलं भरत होतं, त्यांचा एकावर एक पडल्याचा आवाज येत होता. नाना त्या सपाट रंगाकडे बघत होते.  ब्रशच्या टोकाला रंगाचा थेंब साचून खाली पडला, तरी नानांचा हात पुढे गेला नाही.

मग त्यांनी ब्रश येसूला परत दिला.

"बरोबर काढलंयस," ते म्हणाले. उपरण्याने त्यांनी तोंड पुसलं, डोळे पुसले, घाम आला होता असं दाखवलं. "उतरव ते. ओटीवर लावू. जपून आण."

येसूने चित्र उतरवून छातीशी धरलं.  पण बापूमास्तर हाडाचे परीक्षक! त्यांना निकाल लागल्याशिवाय राहवेना.

"नाना," त्यांनी चाचरत विचारलं, "मग त्या अटीचं काय? रत्नागिरीतला माणूस, आपणहून..."

नाना वहाणा पायात सरकवत होते. त्यांनी मान वर केली.

"का? मी काय चिपळूणचा?"